जुन्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : भागांची ओळख पटवताना

वडोदऱ्यात ट्रकचा साधा गिअरबॉक्स डोळे मिटून उघडणारे कारागीर पुष्कळ आहेत. पण १९६० किंवा १९७० च्या दशकातला अमेरिकी पिकअप ट्रक नव्याने उभा करायला घेतला आणि त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघाला, तर प्रत्येक भाग ओळखण्याची जबाबदारी मालकावरच येते. गाडीच्या कागदपत्रांवर विसंबून राहू नये, कारण इतक्या वर्षांत गिअरबॉक्स बदललेला असण्याची शक्यता बरीच असते.

ओळख खालच्या तेलाच्या पॅनपासून सुरू करावी. फोर्डच्या सी४ गिअरबॉक्सच्या पॅनला ११ बोल्ट असतात आणि त्याचे बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडला जाणारा घंटेसारखा पुढचा भाग, वेगळे काढता येते. सी६ च्या पॅनला १७ बोल्ट असून बेलहाउसिंग केसिंगसोबतच, म्हणजे बाहेरच्या कवचासोबतच, ओतलेले असते. जनरल मोटर्सच्या बाबतीत मात्र बोल्ट मोजून भागत नाही, कारण टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० या दोन्हींच्या पॅनला १३ बोल्ट असतात. मी एकदा हीच चूक केली : केवळ बोल्टची संख्या कळवून सील-किट मागवले, ते ४०० चे आले आणि काम महिनाभर अडले. ३५० चा पॅन एक कोपरा कापलेल्या चौकोनासारखा दिसतो, तर ४०० चा वेडावाकडा असतो. ३५० ला किकडाउनसाठी, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडावा यासाठी, केबल असते. ४०० ला त्याऐवजी विजेची वायर जोडलेली असते. शिवाय पुढे तोंड करून पाहिल्यास ३५० चा व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनाच्या नळीला जोडलेली डबीसारखी वस्तू, उजवीकडे अगदी मागच्या टोकाजवळ असते.

पॅन उतरवल्यावर तळाचा गाळ पुसून टाकण्याची घाई करू नये. काळा, मऊ गाळ क्लच प्लेटांच्या अस्तराचा असतो. पितळी चकाकीचा कीस बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) किंवा थ्रस्ट वॉशरचा (भागांमधल्या चकतीचा) असतो आणि तो चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर तो पोलादी भागाचा समजावा. तेल दुधाळ असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरले आहे, आणि अशा वेळी जुन्या क्लच प्लेटा पुन्हा वापरू नयेत.

पॅनच्या वर जी चक्रव्यूहासारख्या वाटा असलेली धातूची चौकट दिसते, ती व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या वाटेने वळवणारा भाग. ती आणि तिची पातळ पट्टी खाली घेताना लहान गोळ्या, म्हणजे चेक बॉल, टपाटप पडतात, म्हणून खाली स्वच्छ परात धरावी आणि प्रत्येक गोळी कोणत्या खाचेत होती याचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे. माझ्या मते साऱ्या कामात सर्वांत जास्त संयम इथेच लागतो, कारण एक गोळी चुकीच्या वाटेत बसली तरी गिअर पडण्याची वेळ बिघडते.

केसिंगच्या आत ड्रम, क्लच प्लेटा आणि प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती बसवलेल्या छोट्या गिअरचा संच) असतात. अस्तर लावलेल्या प्लेटांना बहुधा आतल्या कडेला दाते असतात आणि साध्या पोलादी प्लेटांना बाहेरच्या कडेला. त्या आलटून पालटून बसतात. ड्रमला वेढणारा अस्तरयुक्त पट्टा म्हणजे बँड. वॉशर दिसायला सारखे असले तरी त्यांची जाडी वेगवेगळी असते आणि शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल त्यावरच ठरते, म्हणून ते ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत.

बुश वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या चांगल्या टर्नरकडून मापाने करून घेता येतो. पिस्टनचे रबरी सील मात्र गिअरबॉक्सचे नेमके नाव सांगूनच मागवावेत, आणि बसवताना त्यांची ओठासारखी कड तेलाच्या दाबाच्या बाजूला ठेवावी.