मळ्यातल्या घराला वायरलेस नेट घेताय? या चुका टाळा

कोल्हापूर शहरात राजारामपुरी, शाहूपुरीकडं फायबर दारात आलेली आहे. तिथून जरा बाहेर पडलं, गगनबावड्याकडं, राधानगरीकडं किंवा शिरोळच्या मळ्यांत, की चित्र बदलतं. चार घरांच्या वस्तीसाठी कुणी खांब टाकून केबल ओढत नाही. मग छतावर पांढरा डबा नाहीतर छोटी डिश येते आणि नेट टॉवरवरून हवेतून घ्यावं लागतं. घेताना सांगितलेलं असतं शंभर एमबीपीएस आणि अनलिमिटेड. दोन महिन्यांत घरात एकच वाक्य सुरू होतं, "नेट गंडलंय."

वाक्य एक असलं तरी बिघाड चार वेगवेगळ्या जागी असू शकतो: घरातला वायफाय, छतावरचा डबा, टॉवर किंवा प्लॅनची डेटा मर्यादा. यातलं नेमकं काय, हे न बघताच आपण कस्टमर केअरला फोन लावतो. तिकडून राउटर बंद करून चालू करायला सांगतात, आपण करतो आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

एक गोष्ट आधीच सांगतो. केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल आणि गावातला केबलवाला तिथून घरापर्यंत लाइन द्यायला तयार असेल, तर वायरलेसच्या नादी लागू नका. चाळीसची फायबर शंभरच्या वायरलेसपेक्षा सुखाची असते. फायबर नाहीच म्हटल्यावर पुढचं वाचा.

वायफाय म्हणजेच नेट, असं धरून चालणं

जुन्या घरांच्या भिंती दगडामातीच्या, दीड-दोन फुटी. राउटर सोप्यात आणि पोरगं मागच्या खोलीत ऑनलाइन क्लासला. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथं मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की आठ-दहा दाखवणारच. लॅपटॉप थेट राउटरला लॅन केबलनं जोडा आणि मग टेस्ट करा. केबलवर ऐंशी आणि मागच्या खोलीत आठ आले, तर कंपनीचा काही दोष नाही, राउटरची जागा बदला. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील, तर जवळ बसून काम करताना ५ घ्या. ते वेगवान असतं, पण भिंत ओलांडताना दम सोडतं. लांबच्या खोलीत २.४ बरं.

आणखी एक घोळ आकड्यांचा. प्लॅनवर लिहिलेले असतात मेगाबिट, तर डाउनलोड होताना संगणक दाखवतो मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे शंभर एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरणार. "शंभरचं घेतलं आणि बाराच मिळतंय" म्हणून भांडायला गेलेले लोक आहेत. त्यांचं नेट अगदी व्यवस्थित होतं.

डबा बसवताना वायर वाचवणं

बसवायला आलेल्या पोराला त्या दिवशी अजून चार घरं करायची असतात. तो म्हणतो, "काका, इथं पत्र्याखालीच लावतो, वायर कमी लागती." काका मान डोलावतात. पुढं सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

वायरलेसमध्ये डब्याला टॉवर दिसला पाहिजे. शक्यतो अगदी उघड्या डोळ्यांना दिसेल असा. ५जीचा वेगवान पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा आहे. त्याला झाडाची पानं, पत्रा, टाकी काहीही आडवं आलेलं चालत नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, आडोशातूनही बऱ्यापैकी पोचतो, पण तिथं वाटून घ्यायला स्पेक्ट्रमच, म्हणजे लहरींची जागाच, कमी असते. म्हणून मोबाइलवर ५जी दिसतंय म्हणजे डब्यावर शंभर येतील, हा हिशेब चुकतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकायचे आहेत, ते बघून घ्या. मात्र तुमच्या परड्यातला फणस नकाशाला माहीत नसतो.

बसवतानाच त्या पोराला ॲपमध्ये सिग्नलचे दोन आकडे दाखवायला सांगा. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते. तो उणे असतो, आणि उणे ८० च्या आसपास असेल तर झकास, उणे ११० च्या खाली गेला तर अवघड. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती ते. तो वीसच्या जवळ असेल तर चांगला, शून्याला टेकला तर सिग्नलइतकाच गोंगाट. डबा दोन फूट सरकवला, दहा अंश वळवला तरी हे आकडे हलतात. त्यासाठी अर्धा तास आणि दहा मीटर वायर जास्त गेली तर जाऊ द्या. शेवटच्या आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी स्पीड पडला की तोच फोटो कामाला येतो.

शिरोळ-हातकणंगलेच्या मळ्यांत याला एक खास फाटा आहे. ऊस तुटून गेल्यावर, फाल्गुन-चैत्रात कनेक्शन घेतलं जातं. रान मोकळं, टॉवर समोर, स्पीड नाद खुळा! श्रावण-भाद्रपदापर्यंत घराभोवतीचा ऊस दहा-बारा फूट होतो. डबा पत्र्याच्या कडेला नऊ फुटांवर असेल, तर तो आता टॉवरकडं नाही, पाल्याच्या भिंतीकडं तोंड करून बसलेला असतो. पाला हिरवा, पाण्यानं भरलेला, त्यात पावसानं भिजलेला. स्पीड महिन्या-महिन्यानं उतरत जातो आणि कारखाना सुरू होऊन तोड आली की आपोआप सुधारतो. घरातली माणसं म्हणतात, कंपनीनं सुधारणा केली. यावर उपाय एकच. पहिल्याच दिवशी दीड-दोन इंची जीआय पाइप उभा करून डबा पंधरा-सोळा फुटांवर न्या आणि पाइपाला ताण द्या.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या खोऱ्यांत मात्र मधे डोंगरच असेल तर पाइप कितीही उंच केला तरी उपयोग नाही. तिथं दुसऱ्या बाजूच्या टॉवरचा सिग्नल येतो का, एवढंच बघायचं. येत नसेल तर पैसे अडकवू नका.

सगळं पावसावर ढकलणं

पाऊस लागला की नेट जातं, हे अर्धंच खरं. डबा आणि टॉवर यांच्यामधल्या लहरी ज्या पट्ट्यात असतात, तिथं पावसाच्या थेंबांचा त्रास नगण्य असतो. त्रास देतात ओली पानं, सैल झालेला पाइप आणि केबलच्या टोकात शिरलेलं पाणी. डब्यात शिरणारी केबल वरून सरळ खाली येत असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट कनेक्टरात जातं. डब्याखाली केबलला झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच ठिबकून जाईल. हे काम फुकटात होतं आणि हमखास विसरलं जातं.

पावसानं खरोखर अडचण होते ती पुढं. अनेक डोंगरी टॉवरांना फायबर नसते, ते एकमेकांशी मायक्रोवेव्ह डिशनं जोडलेले असतात. त्यांची फ्रिक्वेन्सी बरीच वरची, तिथं मुसळधार पाऊस लहरी खातो. तेव्हा गावातल्या सगळ्यांचं नेट एकदम जातं. शेजाऱ्याचं चालू आणि तुमचं बंद असेल तर छतावर चढा, सगळ्यांचंच बंद असेल तर चहा घ्या. वळवाच्या दिवसांत वीज कडाडत असताना मात्र छतावर चढायचं नाही. डब्याचा ॲडॉप्टर भिंतीतून काढून ठेवायचा, लॅनची वायरही राउटरातून काढायची.

सकाळी टेस्ट करून समाधानी होणं

बसवणारा येतो सकाळी अकराला. तेव्हा माणसं रानात, पोरं शाळेत, टॉवर मोकळा. नव्वद येतात, सही होते. रात्री नऊला मालिका, क्रिकेट, रील्स सगळं एकदम सुरू झालं की बारा येतात.

टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेचा भाग, त्या दिशेच्या सगळ्या घरांत आणि मोबाइलांत वाटला जातो. पाणीपुरवठा संस्थेची मोटर एकच आणि सगळ्यांनी पाळी सोडून एकाच वेळी पाणी आपल्या रानात वळवलं, तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहणार, तसंच हे. यावर घरात बसून कसलाही इलाज नाही. महाग राउटर, बूस्टर, मोठा प्लॅन, सगळे पैसे वाया. दोनशेचा प्लॅन घेतला तरी सेक्टरमध्ये नसलेलं नेट कुठून येणार? म्हणून कनेक्शन घेण्याआधी त्याच टॉवरवर असलेल्या शेजाऱ्याकडं रात्री नऊ ते दहाच्या मधे जाऊन टेस्ट करा. माझ्या मते कनेक्शन घेण्याआधीची ही एकच चौकशी अशी आहे, जिच्यात विक्रेत्याला बोलायला जागा राहत नाही.

लिमिट कोण खातंय, ते न बघणं

एअरफायबरच्या, म्हणजे छतावरच्या डब्याच्या नेटच्या, बऱ्याच प्लॅनना महिन्याला १००० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती संपली की नेट बंद होत नाही, फक्त स्पीड पाडला जातो. कुठं दोन एमबीपीएसवर, तर कुठं चक्क ६४ केबीपीएसवर. चौसष्ट म्हणजे किती? सेकंदाला आठ केबी. दोन एमबीचा सातबारा उतरायला चार मिनिटांहून जास्त. २०२३ पासून आपल्याकडं किमान दोन एमबीपीएस वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणतात. म्हणजे चौसष्टवर जे उरतं त्याला ब्रॉडबँड म्हणता येत नाही, बिल मात्र त्याच नावानं येतं.

हजार जीबी संपतील कसे, असं वाटतं. एचडी व्हिडिओ तासाला साधारण तीन जीबी घेतो, म्हणजे रोज अकरा तास टीव्ही चालला पाहिजे. घरात टीव्ही तेवढा चालतही नाही, आणि तरी वीस तारखेला नेट रांगायला लागतं. अशा घरात मी आधी गोठ्याकडं बघतो.

गोठ्यात कॅमेरा असतो. जनावरांवर लक्ष, चोरीची भीती, सगळं रास्त. पण तो चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असेल तर? दोन एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी घेतो, महिन्याला साडेसहाशेच्या घरात. अपलोडही मर्यादेत मोजलं जातं, हे कुणी सांगितलेलं नसतं. "हालचाल दिसली तरच रेकॉर्ड कर" असं सेटिंग केलं तरी गोठ्यात ते फसतं, कारण म्हशीची शेपटी दिवसभर हलतच असते. ॲपमध्ये दारापुरता चौकोन आखून तेवढ्याच भागातली हालचाल धरायला लावा, किंवा रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर घ्या. कार्डावरचं रेकॉर्डिंग नेट खात नाही, तुम्ही मोबाइलवर बघाल तेवढंच जातं. कॅमेरा जुन्या पद्धतीनं राउटरचं पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून बाहेरून बघायचा असेल, तर मोबाइल टॉवरवरच्या नेटवर ते सहसा जमत नाही, कारण घराला बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, नसतो. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधूनच बघावं लागतं. वायरमनला त्यासाठी हेलपाटे घालायला लावू नका.

कॅमेरा नसेल तर मोबाइलचे फोटो बॅकअप, लॅपटॉपची अपडेट आणि लग्नाचे व्हिडिओ तपासा. विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये कनेक्शन 'मीटर केलेले' (metered) करून टाकलं की मोठ्या अपडेट मनानं उतरत नाहीत. आणि येता-जाता स्पीड टेस्ट करायची सवय असेल तर सोडा. चांगल्या लाइनवर एक टेस्ट दोनशे-तीनशे एमबी सहज घेते.

डब्याऐवजी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवणाऱ्यांचा घोटाळा वेगळा. अमर्यादित ५जी हे फक्त ५जीवर असेपर्यंत. फोन घरात शिरला आणि ४जीवर उतरला की रोजच्या दीड-दोन जीबीतून वजाबाकी सुरू. खिडकीतला फोन आणि माजघरातला फोन यांचा प्लॅन एकच, पण डेटा दोन तऱ्हेनं जातो.

लाइट गेली की राउटरही जातो

इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे असतात, राउटर नसतो. आणि जिथं राउटर असतो तिथं छतावरच्या डब्याचा ॲडॉप्टर विसरलेला असतो. दोन्ही जोडा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर राउटर सारखा रीस्टार्ट होतो आणि आपण टॉवरला दोष देतो.

तक्रार फोनवर तोंडी ठेवणं

फोनवर रागावून काही होत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. सोबत तीन दिवसांच्या सकाळ-रात्रीच्या टेस्ट, लॅन केबलवर घेतलेल्या, तारीख-वेळ दिसेल अशा. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. ट्रायला लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ते त्यांचं कामच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कंपनी ऐकतच नसेल तर कोल्हापुरातल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढं चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

टॉवरच भरलेला असेल तर भांडत बसण्यापेक्षा कनेक्शन सोडलेलं बरं. मात्र वर्षभराचे पैसे एकदम भरलेले असले की सोडता येत नाही, म्हणून सुरुवातीला महिन्याचा किंवा तीन महिन्यांचाच प्लॅन घ्या, सवलत बुडाली तरी चालेल. एक श्रावण-भाद्रपद पार पडू द्या, मग वर्षाचं बघा. आणि सोडताना डबा, राउटर, ॲडॉप्टर परत दिल्याची पावती सिरियल नंबरसकट घ्या. नाहीतर नेट बंद झाल्यावर दोन महिन्यांनी डिव्हाइसचे पैसे भरा म्हणून फोन येतो, आणि तेव्हा डबा घेऊन गेलेल्या पोराचा नंबर लागत नसतो.