मेंदूशास्त्राचं पहिलं वर्ष: आकृती पाठ, उत्तर चूक

पहिल्या वर्षी माझ्या वहीत मेंदूची सुरेख आकृती होती. फ्रंटल लोब निळा, पॅरायटल पिवळा, टेम्पोरल हिरवा, ऑक्सिपिटल लाल. प्रत्येकाखाली त्याचं काम. सेरेबेलम (मागे खाली असलेला लहान मेंदू) तेवढा पेन्सिलीचाच राहिला होता, रंग द्यायचा कंटाळा आला म्हणून. हे सगळं घोकून तोंडी परीक्षेला गेलो.

"रुग्ण उजव्या हाताचं बोट नाकाला लावायला जातो, पण नाक जवळ आलं की बोट थरथरतं आणि नेम चुकतो. दोष कुठे?"

सेरेबेलममध्ये, मी म्हटलं. "कोणत्या बाजूला?" डाव्या, मी ठणकावून सांगितलं. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, हे शाळेपासून ठाऊक होतं ना! पण सेरेबेलमची उजवी बाजू उजव्याच अंगाचं काम बघते. तिथून निघालेला मार्ग मोटर कॉर्टेक्सकडे, म्हणजे हालचालीचे हुकूम देणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागाकडे, जाताना एकदा बाजू ओलांडतो, कॉर्टेक्सकडून खाली येताना दुसऱ्यांदा. म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे. (मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास याच तुकड्यात असतात, हे नंतर वाचलं. आणि मी त्याला रंगही दिला नव्हता.)

त्या दिवसापासून 'हा भाग काय करतो' असं पाठ करणं सोडलं. 'हा बिघडला तर माणसाचं नेमकं काय अडतं' असं विचारायला लागलो. हालचालीचं कोडं यानेच सुटलं. मोटर कॉर्टेक्सला इजा झाली तर ताकद जाते. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, बेसल गँग्लियाचं (मेंदूत खोलवर असलेल्या, हालचालीला मदत करणाऱ्या पेशीसमूहांचं) काम बिनसतं. तिथे ताकद असते, पण पाऊल लवकर उचलत नाही, आणि हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना कापतो. सेरेबेलमचा कंप याच्या उलट, हात काही करायला गेला की सुरू होतो. नवख्याने दुसरं काही नाही तरी एवढा फरक पक्का करावा.

स्मृतीसाठी एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एकच रुग्ण नीट वाचा. १९५३ मध्ये अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (टेम्पोरल लोबच्या आतल्या भागाचा) मोठा हिस्सा काढला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षातच राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी केलंय याची मात्र त्याला आठवण नव्हती. म्हणजे हाताचं कसब हिप्पोकॅम्पसशिवायही शिकता येतं. 'स्मृती म्हणजे हिप्पोकॅम्पस' असं लिहिणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

संवेदनेबद्दल थोडक्यात: दिसणं हेही एकसंध नसतं. १९८३ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाला रंग, वस्तू ओळखता येत, फक्त गती दिसत नसे. ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा वाटे आणि कप कधी भरला ते कळत नसे.

रुग्णांवरून शिकतानाही एक सावधगिरी लागते. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये 'टान' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूवरून बोलण्याची जागा दाखवली. तो मेंदू जपून ठेवलेला आहे. त्याच्या एमआरआयवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून बरीच खोल गेली होती.