हार्डवेअर दुकानाचा स्टॉक जुळत नाही? या चुका टाळा

कॉम्प्युटर म्हणतो 12 एमएमच्या सळ्या 40, गोडाऊनमध्ये मोजल्या तर 36. बहुतेक दुकानांत पहिला संशय हमालावर जातो, नाहीतर काउंटरवरच्या पोरावर. चोरी होतच नाही असं नाही. पण सिमेंट, सळई, पाइप, वायरच्या धंद्यात बरीचशी तफावत नोंदीतून येते, आणि चूक कुठे झाली हे तफावतीचा आकडाच सांगतो. तो न बघता स्टॉक ‘ॲडजस्ट’ करून टाकला की मागही पुसला जातो.

पाऊण इंची एल्बो 10 ने कमी आणि एक इंची 10 ने जास्त असेल, तर बिल करताना चुकीचं नाव निवडलंय. फरक खोक्याच्या किंवा पाकिटाच्या पटीत असेल, तर एककाचा घोळ आहे. साठा मायनस दिसत असेल, तर बहुधा माल आला पण खरेदीचं बिल चढवायचं राहिलं. कॉम्प्युटरमध्ये एका खेपेइतका माल जास्त दिसत असेल, तर साइटवर कच्च्या चिठ्ठीवर माल गेलाय आणि बिल झालेलं नाही. उलट तेवढाच कमी दिसला, तर माल पाठवल्याचं चलनही नोंदवलं, बिलही नोंदवलं आणि दोघं एकमेकांना जोडलं नाही. दर महिन्याला थोडं थोडं कमी पडत असेल तरच तुकडे, मोडतोड आणि हातचलाखीकडे वळा.

खरेदी एका मापात, विक्री दुसऱ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सळई टनावर येते आणि नगावर जाते. सळईचं मीटरला वजन काढायचं सूत्र सोपं आहे: व्यास गुणिले व्यास भागिले 162. म्हणजे 12 एमएमला मीटरमागे सुमारे 0.889 किलो आणि 12 मीटरच्या नगाला साधारण 10.67 किलो. पण हे कागदावरचं वजन झालं. या जाडीत वजन काही टक्के कमीजास्त असायला मानकातच मुभा आहे. सळई 3 टक्के हलकी आली तर टनात 94 ऐवजी जवळपास 97 नग बसतात. तुम्ही 1000 किलो खरेदी चढवली, 97 नग विकले आणि कॉम्प्युटरने प्रत्येकी 10.67 किलो वजा केले, की साठा 35 किलोने मायनस. कोणी काही चोरलेलं नाही, उलट नग जास्त आलेत.

उपाय एकच: गाडी उतरतानाच नग मोजायचे आणि खरेदीच्या नोंदीत काट्याचं वजन आणि नग दोन्ही लिहायचे. साठा नगात ठेवा. किलोचा भाव बिलापुरता वापरा. स्क्रूचंही तसंच. एका कंपनीचं पाकीट 100 नगांचं, दुसरीचं ग्रोसचं म्हणजे 144 चं. दोन्ही ‘1 पाकीट’ म्हणून एकाच नावाखाली चढवली, तर तो हिशेब पुन्हा कधी जुळत नाही.

वायरची गंमत वेगळी आहे. 90 मीटरची कॉइल फोडून वायरमनला मापाने वायर द्यायची, मग घाईत दुसरा माणूस दुसरी कॉइल फोडतो. काही दिवसांनी लाल दीड एमएमची 24 मीटर शिल्लक दिसते. प्रत्यक्षात 7, 6, 6 आणि 5 मीटरचे चार तुकडे असतात, आणि गिऱ्हाइकाला हवे असतात सलग 20 मीटर. एका रंगाची, एका जाडीची एकच कॉइल फोडलेली असू द्या. कापल्यावर उरलेलं माप लेबलवर लिहा. आठवड्याला लहान तुकडे ‘वायर तुकडे’ या वेगळ्या नावावर टाका आणि कमी भावात काढा.

माल येताना आणि परत येताना

स्कीमचा माल हमखास सुटतो. 10 खोक्यांवर 1 फुकट असेल तर बिलात 10 आणि गोडाऊनमध्ये 11. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष नग आणि बिलातले नग यांचे रकाने वेगळे ठेवता येतात; ते चालू करा. साठा मायनस गेल्यावर इशारा मिळायची सोयही आहे. बिल अडतंय म्हणून ती बंद करून ठेवू नका.

प्लंबरने आणलेला परतीचा माल थेट रॅकवर जातो आणि पैसे उधारीतून वहीत वजा होतात. कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. काउंटरखाली परतीचा एक क्रेट ठेवा. नोंद झाल्याशिवाय त्यातला नग रॅकवर जाता कामा नये.

31 मार्चची वाट बघत मोजणी

वर्षातून एकदाच मोजणी केली, तर अकरा महिन्यांपूर्वीची चूक सापडणं अशक्य. सळई, सिमेंट, वायर असा पैसा अडकवणारा माल आठवड्याला मोजा, फिटिंग्ज महिन्याला, खिळे-वॉशर तीन महिन्यांनी. मोजणाऱ्याच्या हातात कॉम्प्युटरचा आकडा देऊ नका. दिला की मोजणी नेमकी तेवढीच भरते. मोजणी सुरू करताना शेवटचा बिल नंबर आणि शेवटचा चलन नंबर कागदावर लिहा, नाहीतर मध्येच गेलेला टेम्पो सगळं बिघडवतो.

अंदाजाने ऑर्डर

सिमेंट रोज सरासरी 25 गोणी जात असेल, गर्दीच्या दिवशी 40, आणि गाडी यायला एरवी 3 दिवस, उशीर झाला तर 5 लागत असतील, तर 40 गुणिले 5 म्हणजे 200 गोणी उरल्या की ऑर्डर द्या. त्या 200 मध्ये ठेकेदाराला कबूल केलेल्या गोणी धरू नका. वाटेत असलेली गाडी मात्र धरा. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, तेव्हा हाच आकडा ठेवला तर गोणी पडून दगड होतील. सिमेंट तीन महिन्यांत संपलंच पाहिजे, म्हणून नवी थप्पी जुन्यासमोर लावू नका. फळ्यांवर, भिंतीपासून दूर, 10 गोणींपेक्षा उंच नको.

दगड झालेल्या गोणी गुपचूप फेकल्या तरी कॉम्प्युटरमध्ये त्या जिवंतच राहतात आणि ऑर्डरची वेळ चुकवतात. त्या दिवशीच खराब मालाची नोंद करा आणि यादी सीएकडे पाठवा, कारण नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे परत करावं लागतं.