पेरेंट आणि चाइल्ड प्रॉक्सीमधील कॅशे: माझा अनुभव
सांगलीच्या मुख्य कार्यालयात स्क्विड या सॉफ्टवेअरचा पेरेंट प्रॉक्सी (इंटरनेटवरून फाइल आणून तिची प्रत कॅशेत, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, ठेवणारा मध्यस्थ सर्व्हर) आणि मिरजेच्या शाखेत त्याच्यामार्फत फाइल मागवणारा चाइल्ड प्रॉक्सी असूनही, लिनक्सचे तेच पॅकेज मिरजेत दुसऱ्यांदा मागवले तरी ते पुन्हा सांगलीहूनच येई आणि मधली मंद लाइन तुंबे. चाइल्डच्या ॲक्सेस लॉगमध्ये (विनंत्यांच्या नोंदीत) सगळीकडे मिसच, म्हणजे फाइल स्वतःच्या कॅशेत नसल्याचेच, दिसत होते. कारण चाइल्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये पेरेंटचा पत्ता देणाऱ्या कॅशे_पीअरच्या ओळीतील 'प्रॉक्सी-ओन्ली' हा पर्याय होता, ज्यामुळे पेरेंटकडून आलेली फाइल चाइल्ड स्वतःकडे साठवतच नाही. दोन्ही सर्व्हर शेजारी असतील तर डिस्क वाचवायला तो योग्य, पण येथे घातकच. तो काढला. पेरेंट एकच असल्याने ३१३० पोर्टवरील आयसीपी विचारणाही (फाइल तुमच्याकडे आहे का, असे इतर कॅशेंना विचारणे) अनावश्यक होती, म्हणून त्याच ओळीत 'नो-क्वेरी' (ही विचारणा नको) व 'डिफॉल्ट' (दुसरा मार्ग नसेल तर हाच पेरेंट) जोडले आणि विनंत्या थेट बाहेर जाऊ नयेत यासाठी 'नेव्हर_डायरेक्ट अलाउ ऑल' लिहिले. रीकॉन्फिगर केल्यानंतर पॅकेजची दुसरी मागणी मिरजेतच पूर्ण झाली.