वायरलेस इंटरकॉमचा बेस: कोणतं बटण कधी दाबायचं

प्रयोगाच्या दिवशी विंगेत सगळ्यात जास्त हात लागतात ते इंटरकॉमच्या बेसला, म्हणजे पडद्यामागच्यांचं हेडसेटवरचं बोलणं एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला. कुणाला आवाज कमी येतो, कुणाला घूं ऐकू येतं, की येऊन पिळला नॉब. माझा नियम असा: बेस रंगीत तालमीला लावून घ्यायचा आणि प्रयोगात त्याच्या दोनच बटणांना हात लावायचा. आवाज कमी-जास्त करायचाय? ज्याने त्याने आपल्या कमरेच्या बेल्टपॅकवर (हेडसेट जोडलेली डबी).

आधी अँटेना पिळून सरळ उभ्या करा, मग स्विच ऑन. आमचा सेट २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वाय-फायच्याच गल्लीतला. मिक्सरचा राउटर बेसला चिकटून ठेवला तर बोलणं तुटणारच. राउटर लांब ठेवा, जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर टाका. बेस डोक्याच्या वर ठेवा. रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी रेंज हाउसफुल्लला आखडते, कारण माणसाच्या अंगातलं पाणी हा सिग्नल शोषतं.

सेट भाड्याचा असेल तर जुन्या नोंदी आधी पुसा. मग बेसवरचं रजिस्टर बटण दाबून एकेक बेल्टपॅक बेसजवळच जोडायचा. सगळे एकदम चालू केले की गोंधळ ठरलेला. आमच्या बेसवर पॅक भरपूर जोडता येतात, पण एका वेळी बोलता येतं चौघांनाच. म्हणून ए चॅनलवर व्यवस्थापक, लाइट, साउंड; बीवर कपडेपट आणि सेटवाले. बीवाल्यांनी बटण धरूनच बोलायचं, ही सक्ती.

आता नल. इथेच लोक कंटाळा करतात. लाइटच्या केबिनला वायरचा इंटरकॉम असेल तर तो बेसच्या टू-वायरला जोडतात. त्या एकाच जोडीतून आवाज जातोही आणि येतोही, त्यामुळे आपलंच बोलणं परत कानात आदळतं, कधी शिट्टी सुटते. नल म्हणजे परत येणारा आवाज बेसने ओळखून कापणं. आधी स्विच क्लिअर-कॉम की आरटीएस (वायरच्या इंटरकॉमच्या दोन कंपन्या) ते बघा. दोन्हींच्या पिनांची मांडणी वेगळी असते. मग वायरवरचे सगळे माइक बंद, हेडसेट कानावरून खाली (खरखर जोरात येते), आणि ऑटो नल दाबून गप्प उभं राहायचं. नंतर केबल बदलली किंवा वायरवर आणखी एक पॅक लावला तर नल पुन्हा. एवढं करूनही घुमत असेल तर टर्मिनेशन (वायरच्या लाइनला लावलेला रोध) तपासा, अख्ख्या लाइनवर ते एकच हवं.

साइडटोन, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला किती ऐकू यावा, तो थोडाच ठेवा. अजिबात नसेल तर माणूस विंगेत ओरडायला लागतो आणि पहिल्या रांगेला क्यू (‘आता करा’ हा इशारा) ऐकू जातो.

राहिली ती दोन बटणं. माइक किल: कुणीतरी माइक उघडा ठेवून वडापाव खात असतो, ते बंद करायला. स्टेज अनाउन्स: हे दाबून बोललात की आवाज थेट स्पीकरवर. घंटा झाल्यावर त्यावर मी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवतो.

मध्यंतरात बॅटऱ्या बदलायच्याच, दिवा हिरवा असला तरी. काढलेल्या लगेच चार्जरवर. रात्रीच्या प्रयोगाला त्याच लागतात.