चर्चच्या आवारातली भाजीवाडी: आगेऱ्यापासून उपवासकाळापर्यंत

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण होतो, भाताच्या नव्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो आणि वसईच्या किनारपट्टीत भाजीच्या हंगामाला सुरुवात होते. ज्या धर्मग्रामांनी (म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजाने) आवारातली पडीक जागा सामूहिक भाजीवाडीला दिली आहे, किंवा यंदा द्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला.

बियाणं आणण्याआधी विहिरीचं पाणी तपासा. इथे गोड पाण्याच्या थराखाली खारं पाणी आहे; उपसा वाढला की ते वर चढतं. टँकर भरून होणाऱ्या उपशाविरुद्ध वसईचे धर्मगुरू-लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांची हरित वसई ही पर्यावरण चळवळ का झगडली, हे वाडीवाल्यांना सांगायला नको. पाण्याची क्षारता, म्हणजे तपासणीच्या कागदावरचा ‘ईसी’, 0.7 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर काहीही लावा. 3 च्या वर गेली तर त्या पाण्यावर भाजीचा नाद सोडा. मधल्या आकड्यात पालक आणि बीट तग धरतात; फरसबी, गाजर, कांदा लावू नका, पानांच्या कडा करपतील. पाणी नोव्हेंबरात गोड लागलं तरी मार्चमध्ये तसंच राहील असं धरून चालू नका. म्हणून हंगामाचा हिशेब शेवटाकडून मांडा: फेब्रुवारीअखेर बहुतेक वाफे रिकामे झाले पाहिजेत.

दुसरी गोष्ट माणसांची. सामूहिक वाडी किडीने क्वचित मरते, ती बुधवारी मरते. रविवारी मिस्सा झाल्यावर तीस जण कुदळ धरतात, फोटो निघतात, आणि आठवड्याच्या मधे रोपांना पाणी द्यायला कुणी नसतं. त्यामुळे सुरुवात दोन गुंठ्यांच्या वर करू नका. प्रत्येक वाफा दोन घरांच्या नावावर करा, वार वाटून घ्या आणि पाटी विहिरीजवळच लावा. शाळकरी मुलं, फ्लॅटमधली नवी कुटुंबं, मिस्सेला न येणारे शेजारीही घ्या. पण प्रत्येक गटात रहाटाच्या काळात वाडी केलेलं एक तरी जुनं माणूस हवंच. वाफा कधी तहानलेला आहे हे ते मातीला हात लावून सांगतं. पुस्तकातून ते येत नाही.

गादीवाफा एक मीटर रुंद, तीन मीटर लांब, वीतभर उंच ठेवा. रुंदी वाढवली की मुलं वाफ्यात पाय ठेवतात. चांगलं कुजलेलं शेणखत वाफ्याला एक-दोन घमेली पुरे. मेथी, पालक, मुळा फोकून पेरायची आपली सवय असली तरी इथे ओळीतच पेरा. नवशिक्याला तण आणि रोप यांतला फरक पहिले पंधरा दिवस कळत नाही. ओळीबाहेरचं ते तण, एवढं सांगितलं की निंदणी मुलांवर सोपवता येते. धणे रगडून दोन दलं करा आणि रात्रभर भिजवून मग पेरा.

सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका. दर रविवारी एक, असं केलं तर भाजी हळूहळू येत राहते. नाताळाला मेथी हवी असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरा. मुळा आणि कोथिंबीर त्याआधी दोन आठवडे. टोमॅटोची रोपं आगेऱ्याच्या सुमारास टाकली आणि चार-पाच आठवड्यांनी लावली तरी फळ जानेवारीतच येणार, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. वांगी, टोमॅटो उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चांगली हाताशी येतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी भाजी जास्त लागते.

वांगी आणि टोमॅटोला कोकणात खरी भीती मर रोगाची. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. खोड जमिनीलगत कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर. त्यावर फवारणी नाही, दुकानदार काहीही देवो. झाड मातीसकट उपटून वाडीबाहेर न्या आणि त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची नको. मका किंवा पालेभाजी घ्या. आधीच खबरदारी म्हणून वांग्यात अर्का निधी किंवा अर्का केशव, टोमॅटोत अर्का रक्षक हे मर रोगाला तोंड देणारे वाण निवडा. अर्का रक्षक संकरित आहे, त्याचं बी पुढच्या वर्षी धरू नका.

मावा दिसला तर निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून पाणी दहा लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. जिथे मुलं पानं खुडतात तिथे रासायनिक औषध नको, माझं मत एवढं स्पष्ट आहे.

भाजीच्या वाटपात पहिल्या हंगामी पैसा आणू नका. राबणाऱ्याने जुडी घरी न्यावी, उरलेली आजारी आणि एकट्या म्हाताऱ्यांकडे पोचवावी. विक्री सुरू झाली की हिशेबाची वही येते, आणि वहीमागोमाग भांडण.

मार्चनंतर वाफ्यांवर पालापाचोळा पसरून जमीन झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये आवाराजवळचं बावखल, म्हणजे पाणी साठवणारं जुनं डबकं, शिल्लक असेल तर गाळ काढा. तो वाळवून वाफ्यात मिसळता येतो, मात्र खारा नाही ना हे आधी तपासा. चर्चच्या छपराचं पाणीही वाया जातं. 200 चौरस मीटर छपरावर 2000 मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर. गळती वजा जाता तीन लाख तरी विहिरीत उतरतील. पन्हाळी मेअखेर बसवा, मधे वाळू-खडीची गाळणी ठेवा. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, नंतरच नळी विहिरीकडे वळवा.