पीएच मीटर कॅलिब्रेट केलं, तरी रीडिंग चुकतंय? या चुका टाळा

मीटरने ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ दाखवलं म्हणजे इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवायची दांडी) धडधाकट आहे, असं नाही. साधे मीटर बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, मिळालेलं व्होल्टेज मुकाट्याने मान्य करतात. बफर खराब असला तरी कॅलिब्रेशन होतंच, बिघडतात ती पुढची सगळी रीडिंग.

मीटरला मिलिव्होल्ट मोड असेल तर खरं चित्र तिथे दिसतं. २५ अंश सेल्सिअसला ७.०० च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास (±३० पर्यंत चालतं) आणि ४.०१ मध्ये साधारण +१७७ मिलिव्होल्ट यायला हवेत. समजा ७ मध्ये −१० आले आणि ४ मध्ये +१५०. फरक १६०, हवा होता १७७. म्हणजे स्लोप (हव्या असलेल्या फरकापैकी प्रत्यक्ष मिळालेला भाग) सुमारे ९० टक्के. ९५ ते १०२ असेल तर उत्तम. ९० च्या खाली घसरला की आधी इलेक्ट्रोड साफ करा, साफ करूनही ८५ च्या वर येत नसेल तर बदला. सगळ्या बफरमध्ये एकच आकडा येत असेल तर बल्बला (इलेक्ट्रोडच्या टोकाच्या काचेच्या गोळ्याला) तडा गेलाय किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली आहे.

वापरलेला बफर पुन्हा बाटलीत ओतू नका. ही काटकसर महागात पडते. १० चा बफर तर सगळ्यात नाजूक: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच उतरतो. शिवाय तापमानानुसार बफरचा पीएचही बदलतो. २५ अंशांना १०.०१ असलेला बफर २० अंशांना १०.०६ असतो. मीटर स्वतः हा बदल धरत नसेल तर बाटलीवरच्या तक्त्यातला आकडा भरा. ‘ऑटो टेम्परेचर’ फक्त स्लोप सुधारतं. नमुन्याचा पीएच तापमानाने बदलतो, त्याचं ते काही करत नाही.

नमुना ५.५ च्या आसपासचा असेल तर ४ आणि ७ घ्या, ७ आणि १० नको. प्रत्येक बफरनंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि टिश्यूने नुसतं टिपा. बल्ब घासला की काचेवर स्थिर विद्युत साठते आणि आकडा बराच वेळ स्थिरावत नाही.

इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. आतलं पोटॅशियम क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपतं आणि प्रतिसाद मंदावतो. इलेक्ट्रोडच्या टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड हवं: २२.४ ग्रॅम मीठ, एकूण द्रावण १०० मिली. (हे मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे.) टोपीभोवती पांढरे खडे जमले तर घाबरू नका, पाण्याने धुतले की जातात. कोरडा पडलेला इलेक्ट्रोड याच द्रावणात रात्रभर भिजवा.

रिफिल होणारा इलेक्ट्रोड असेल तर मोजताना भरणीचं छिद्र उघडं ठेवा आणि आतल्या द्रावणाची पातळी नमुन्याच्या वर असू द्या. बल्बमध्ये बुडबुडा दिसला तर तापमापी झटकतात तसा हलकेच झटका.

क्षार बसले असतील तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १५ मिनिटं, तेलकट थर असेल तर सौम्य डिटर्जंट. नंतर तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवूनच कॅलिब्रेट करा.

आणि डिस्टिल्ड पाण्यात ७ येतं का हे बघून कॅलिब्रेशन तपासू नका. त्यात आयन इतके कमी असतात की आकडा हेलकावे खातो, शिवाय हवेला उघडं पाणी ५.६ पर्यंत उतरतं. तपासणीसाठी दुसऱ्या बाटलीतला ताजा बफर नमुना म्हणून मोजा, ±०.०५ च्या आत आला की काम सुरू करा.